इवाओचा अर्धा पिकअप

इवाओ गेला तेव्हा तासभर कुणाला पत्ताच लागला नाही. गरम झऱ्याच्या न्हाणीघरात तो गळ्याएवढ्या पाण्यात बसला होता. डोळे मिटलेले, डोक्यावर पंच्याची घडी, तोंड किंचित उघडं. लोक आले, अंग शेकून घेतलं, कपडे चढवले, त्याला ‘बरंय, येतो’ असं म्हणून घरीसुद्धा गेले. मी तिथे असतो तर मलाही संशय आला नसता. आमच्या बँडमध्ये इतकी वर्षं तो बेस गिटार घेऊन अगदी असाच उभा असायचा.

मी मोरिझुमी. ईयामा गावात माझं तोफूचं दुकान आहे आणि संध्याकाळी मी ड्रम बडवतो. बँडमध्ये आम्ही तिघंच. मी, दारूच्या दुकानाचा मालक इवाओ, आणि गाणारा व गिटार वाजवणारा गेन्यू. गेन्यूला सगळे बुवा म्हणतात, कारण तो डोंगराखालच्या देवळाचा पुजारी आहे. देऊळ त्याला बापाकडून मिळालं, गळा मात्र कुणाकडून मिळाला ते कळायला मार्ग नाही.

इवाओची बायको सुमिएवहिनी. नवरा गेल्याचं दुःख तिला होतंच, पण त्याहून जास्त राग होता तो त्या गिटारीवर. दहनाच्या दिवशी तिने बेस उचलून आणला आणि शवपेटीत नवऱ्याशेजारी आडवा ठेवला.

“ही बया त्याच्याबरोबर जाऊ दे,” ती म्हणाली. “माझ्या घरात नको. जन्मभर हिच्याच गळ्यात हात टाकून बसला.”

दहनगृहाचा माणूस बिचारा अदबशीर. त्याने वाकून वाकून सांगितलं की फुलं चालतील, टोपी चालेल, लाकूडही एकवेळ चालवून घेऊ, पण धातू अजिबात नको, भट्टीला त्रास होतो.

“मग धातू काढा,” वहिनी म्हणाली.

काढणार कोण? मंत्र म्हणायला आलेला गेन्यूच गिटारवाला. त्याने काळ्या वस्त्रांच्या बाह्या वर सारल्या, माझ्या गाडीतला पेचकस घेतला आणि सगळ्या नातेवाइकांसमोर बेस सोलायला बसला. तारा निघाल्या, खुंट्या निघाल्या, घोडी निघाली, तारांखालचा पिकअप वायरींसकट उपसून निघाला. गिटारीच्या मानेत लोखंडी कांब असते, म्हणून मानही काढावी लागली. शेवटी उरलं नुसतं धड. ते इवाओबरोबर गेलं. बाकीचा सगळा ऐवज वहिनीने तांदळाच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरला, मान काखेत मारली आणि शेजारी हात्सुएबाईंकडे नेऊन दिली. “तुमच्याकडे खिळे-पत्र्यांचं भंगार जमतं ना, त्यात टाका,” म्हणाली.

आता या हात्सुएबाई.

आमच्या गावात एक अख्खी गल्ली देव्हाऱ्यांची आहे. पितरांचे देव्हारे, माणसाच्या उंचीचे, आतून बाहेरून लाख आणि सोनं. त्यात सोन्याचा वर्ख चढवायचं काम बाईंचं. बापाकडून शिकल्या, मग लग्न होऊन याच गल्लीत आल्या. नवरा कोरीव काम करायचा. एका वर्षी तो नीगाताच्या एका कराओके-मालकिणीबरोबर निघून गेला. जाताना छिन्न्या घेऊन गेला, देव्हारे ठेवून गेला. बाई अजून सांगतात, “छिन्न्या चांगल्या होत्या हो.” नवऱ्याबद्दल त्याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत.

साठी ओलांडलेली, सडपातळ बाई, जीभ वस्तऱ्यासारखी. बुद्धाचं घर सोन्याने मढवायचं आणि मढवताना त्याच बुद्धाला शिव्या घालायच्या, असा त्यांचा रिवाज. “पोट सुटलंय तुझं, दार मोठं करायला लागलं,” वगैरे. गेन्यू कानावर हात ठेवायचा. बाई म्हणायच्या, “बुवा, तुम्ही त्याची स्तुती करून पोट भरता, मी शिव्या देऊन भरते. त्याला दोन्ही सारखंच.”

वर्खाचं काम फार नाजूक. पान इतकं पातळ की समोर कुणी सुस्कारा सोडला तर उडून कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हणून कितीही उकडलं तरी पंखा नाही, छताएवढा बर्फ पडला तरी गरम वाऱ्याचा हीटर नाही. तोंडावर फडकं बांधायचं, बांबूच्या चिमट्याने पान उचलायचं आणि ते लाखेवर टेकेपर्यंत श्वास धरायचा.

आणि बाईंच्या याच खोलीच्या भिंतीला लागून होतं इवाओच्या दुकानाचं कोठार, जिथे आम्ही दर गुरुवारी सराव करायचो.

माझे ड्रम आणि गेन्यूचं गाणं बाईंनी कापूस घालून सहन केलं असतं. पण बेसचा आवाज कानातून येत नाही, जमिनीतून येतो. इवाओने खालचा सूर छेडला की भिंतीपलीकडे सोन्याचं पान चिमट्यातून सुटलंच म्हणून समजा. बाई लाकडी हातोडीने भिंत ठोकायच्या. इवाओ खूश होऊन म्हणायचा, “बघा, बाई ठेका धरतायत.”

असं वर्षानुवर्षं चाललं. तेव्हा तो डबा बाईंनी भंगारात टाकला असेल, यात मला तरी शंका नव्हती.

बर्फ वितळायला लागला तेव्हा एका सकाळी तोफू द्यायला गेलो. बघतो तर बाईंच्या कामाच्या पाटावर एक जाडजूड फळी, अर्धवट कापलेली, कंबर असलेली, आणि तिला जोडलेली इवाओच्या बेसची मान.

“हे काय बाई?”

“दिसत नाही? धड.”

“कुणाचं?”

“केयाकीचं लाकूड आहे. एक देव्हारा मागवला होता लोकांनी, मग मुलगा म्हणाला आमच्या फ्लॅटमध्ये मावत नाही. टीव्ही मावतो, आजोबा मावत नाहीत. त्याचा तळ आहे हा.”

“पण का?”

बाई कानस चालवत राहिल्या. “गुरुवारी हाताला काम लागत नाही.”

“आता तर भिंत गप्प आहे.”

“तेच म्हणतेय ना,” त्या म्हणाल्या. “तोफू ठेव आणि जा. पाणी सांडतंय तुझं.”

मी धावत गेन्यूकडे गेलो. ओबोन, म्हणजे पितर घरी येतात तो उन्हाळ्यातला सण, त्यात देवळाच्या अंगणात नाच असतो आणि नाचाआधी आमचा कार्यक्रम. बेसशिवाय काय करायचं या विवंचनेत आम्ही दोघं होतोच. गेन्यू आला, फळीभोवती फिरला आणि एकदम पुजारी झाला.

“देव्हारा मोडायचा म्हणजे आधी विधी करावा लागतो. आत कुणी असेल तर त्याला रीतसर बाहेर काढायला हवं.”

“कुणी राहायलाच आलं नाही हो बुवा,” बाई म्हणाल्या. “कोरा फ्लॅट आहे. दक्षिणेचा विचार सोडा.”

धड तयार झालं. मग प्रश्न आला पिकअपचा. तारांखालचा हा छोटा डबा म्हणजे चुंबक आणि त्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार हलली की गुंडाळीत वीज थरथरते, तीच पुढे भोंग्यातून आवाज होऊन बाहेर पडते. बेसचा स्वभाव बराचसा इथे ठरतो. गेन्यूचं म्हणणं, जुना टाकून नवा बॅटरीवाला घेऊ, झगझगीत आवाज येईल. माझं म्हणणं, इवाओचाच लावू, तो मऊ, जाड, झोपाळू आवाज दुसऱ्या कुणाचा येणार? इवाओ वरच्या दोन बारीक तारा इतक्या हळुवार वाजवायचा की जेमतेम ऐकू यायच्या. आम्ही लोकांना सांगायचो, हीच त्याची शैली.

“भांडू नका. ज्याला कळतं त्याच्याकडे चला,” बाई म्हणाल्या.

म्हणून आम्ही तिघं माझ्या तोफूच्या गाडीतून मात्सुमोतोला गेलो. तिथे गिटारीचे कारखाने. ओगिवारा नावाचा एक म्हातारा आयुष्यभर पिकअप गुंडाळून निवृत्त झाला होता आणि बायकोच्या केस सेट करायच्या दुकानामागच्या खोलीत दुरुस्तीची कामं करायचा. खोली लहान, पण तिला एक मोठी सोय होती. पलीकडे बायकांच्या डोक्यावर बसवायचे ते मोठे ड्रायर. ते सुरू झाले की वाईट पिकअप लगेच गुणगुणायला लागतो.

ओगिवाराने बिस्किटांचा डबा उघडला, इवाओचा पिकअप उलटा केला आणि हसायला लागला.

“कोण वाजवायचं हा?”

“आमचा मित्र. वारला,” मी म्हणालो.

“माफ करा.” तो दोन क्षण गंभीर झाला आणि पुन्हा हसला. “हे बघा. हा पिकअप दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दोन जाड्या तारांखाली, एक दोन बारीक तारांखाली. दोघांच्या गुंडाळ्या एकमेकांच्या उलट, म्हणजे बाहेरून येणारी गुणगुण आपसांत मारली जाते. यातला बारीक तारांचा तुकडा मेलेला आहे. आत तार तुटलीये. तुटल्यावर खरं तर आवाज पूर्ण बंद व्हायला हवा. पण तुमच्या मित्राने काय केलंय, मेलेल्याला वळसा घालून इथून इथे एक वायर डकवलीये. अर्ध्यावरच वाजवत होता.”

“किती वर्षं?” गेन्यूने विचारलं.

ओगिवाराने गंज बघितला. “बरीच.”

ती हळुवार शैली! गेन्यूने तर त्याच्या मृत्यूनंतरच्या प्रवचनात तिचा दाखला दिला होता. कमी बोलावं, इवाओच्या बारीक तारांसारखं.

“म्हणजे त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही,” बाई म्हणाल्या, “त्याला दुरुस्तीचा कंटाळा होता.”

ओगिवाराने बाईंनी आणलेल्या धडावर तारा चढवल्या आणि एकेक पिकअप तारांखाली चिकटपट्टीने बसवून वायरी भोंग्याला जोडल्या. बेस गेन्यूच्या हातात दिला आणि पडद्याकडे तोंड करून ओरडला, “अगं, ड्रायर लाव!”

“लावलाय! पंधरा मिनिटं झाली, यांचे केस केव्हाच वाळलेत!”

“मग त्यांना अजून एक मासिक दे!”

इवाओचा अर्धा पिकअप ड्रायर लागताच मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंगावला. साहजिकच होतं, गुणगुण मारणारा जोडीदारच मेला होता. मग दोन वेगवेगळे पिकअप लावून बघितले. दोन्हींचा आवाज सारखा ठेवला की शांत, एकाचा जरा कमी केला की पुन्हा गुणगुण. मग गेन्यूचा लाडका, बॅटरीवाला. एकदम चिडीचूप, आणि सूर असा लख्ख की पडद्यापलीकडच्या बाईंनी वाकून बघितलं.

“याला म्हणतात आवाज!” गेन्यू म्हणाला.

“दात घासून आलाय नुसता,” हात्सुएबाई म्हणाल्या. “थांबा.”

त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढली, तिच्यातून वर्खाचं एक पान चिमट्याने उचललं आणि भोंग्यासमोरच्या कागदावर अलगद ठेवलं. सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. “आता वाजवा बुवा. आधी तुमचा दात घासलेला.”

बॅटरीवाल्यावर पान जागच्या जागी शहारलं, बस.

“आता त्याचा.”

गेन्यूने इवाओच्या पिकअपवर सर्वांत जाडी तार छेडली. पान एका कडेने उठलं, क्षणभर उभं राहिलं, जणू जावं की न जावं असा विचार करत, आणि मग उडालं. बाईंचा श्वास सुटला.

“हाच तो हरामखोर,” त्या म्हणाल्या. शिवी देताना त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. “पंधरा हात लांबून ओळखीन मी याला.”

उडालेलं पान गेन्यूच्या घामेजल्या, तुळतुळीत डोक्यावर जाऊन बसलं होतं. सोनं ओल्या कातडीला लागलं की सुटत नाही.

“अभिनंदन बुवा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही पोचलात.”

तेव्हा पिकअप इवाओचाच, हे ठरलं. पण मेलेला तुकडा तसाच ठेवायचा की नवी तार गुंडाळून जिवंत करायचा? मी म्हणालो, तसाच ठेवा. गेन्यू म्हणाला, जिवंत करा, मला बारीक तारा ऐकू आल्या पाहिजेत. शेवटी बाईंनी ओगिवाराच्या फोनवरून सुमिएवहिनीला विचारलं. वहिनीला सगळं सांगायला वेळ लागला. मग फोनमधून तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“आमचा नळही त्याने असाच दोरी बांधून ठेवलाय! खिडकीसुद्धा! नीट करा म्हणावं. मेल्यावर तरी पुरता वाजू दे!”

“आणि आम्हाला जुना हवा असेल तर?” मी बाईंच्या कानाशी कुजबुजलो.

ओगिवाराने ते ऐकलं. त्याच्या तोडग्याला मी आजही दाद देतो. “एक छोटा खटका लावू. एका बाजूला केलात तर दोन्ही तुकडे वाजतील. दुसऱ्या बाजूला केलात तर तुमच्या मित्राने घातलेला वळसा चालू. नव्या तुकड्याला बाजूला ठेवून अर्ध्यावरच.”

“म्हणजे इवाओ चालू, इवाओ बंद,” बाई म्हणाल्या. “हे त्याच्या हयातीतच बायकोला मिळायला हवं होतं.”

वायरिंग बाईंनी घरी स्वतः केलं. ओगिवाराने कागदावर चित्र काढून दिलं होतं. आवाजाचं बटण, सुराची धार कमी करायचं बटण, खटका. बाहेरची गुणगुण आत शिरू नये म्हणून ज्या खाचेत हे सगळं बसतं तिला आतून तांब्याची पट्टी चिकटवा, असंही त्याने सांगितलं होतं.

बाईंनी तांब्याची पट्टी आणलीच नाही. त्यांनी खाचेला आतून सोन्याचा वर्ख लावला. एकावर एक, कडा चढवत, तीन थर.

“बाई, झाकणाखाली हे कोण बघणार?” मी म्हणालो.

“देव्हाऱ्याच्या खणामागचं कोण बघतं? तरी लावतोच ना.”

पण सोन्याने त्यांना दगा दिला. अर्थिंगची वायर जोडायला त्यांनी वर्खावर सोल्डरचा थेंब टेकवला आणि थेंबाने सोनं गट्ट केलं. तिथे नुसतं काळं भोक. पुन्हा वर्ख, पुन्हा थेंब, पुन्हा भोक. बाईंनी त्या दिवशी बुद्धाला अशा शिव्या दिल्या की मी तोफू दारातच ठेवून पळालो. मग त्यांनी देव्हाऱ्याच्या दाराला लावायचं तांब्याचं एक कमळ घेतलं, ते वर्खावर स्क्रूने घट्ट दाबलं आणि वायर त्या कमळाच्या पाकळीला जोडली. ते टिकलं.

जुलै संपता संपता बेस तयार झाला. काळीभोर लाख, कडेला सोन्याची बारीक रेघ, वजन दगडी पाट्यासारखं. आम्ही तिघं कोठारात जमलो. सुमिएवहिनीही आली, हाताची घडी घालून दारात उभी राहिली. वायर भोंग्यात घातली. बटण फिरवलं.

घ्ङ्ङ्ङ्ङ्ङ्ङ.

दोन्ही तुकडे चालू, आत सोनं, तरी घोंगावतंय. खटका फिरवला, जास्त घोंगावलं. गेन्यूने कोठारातली ट्यूबलाइट घालवली, बिअरचा फ्रिज बंद केला. वहिनी म्हणाली, “त्यात बिअर गार होतीये!” फ्रिज पुन्हा लावला. शेवटी ओगिवाराला फोन केला.

“तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते?”

मी हात लावला. “नाही.”

“वायर जिथे खुपसता त्या धातूला हात लावा.”

लावला. आवाज पार गेला.

“म्हणजे अर्थिंग घोडीपर्यंत पोचत नाहीये. तारा हवेत लोंबकळतायत. घोडीखालून एक वायर यायला हवी होती, उघडी, धातूला टेकलेली. आहे ना?”

मी बाईंकडे बघितलं. बाई छताकडे बघत होत्या.

“बाई?”

“आहे वायर.”

“उघडी?”

“आहे. होती.” त्या म्हणाल्या. “वाईट दिसत होती. घोडीच्या कडेतून बाहेर डोकावत होती, उंदराच्या शेपटीसारखी. मी तिच्यावर लाख चढवली.”

“किती?”

“लाख कधी एकदा चढवतात का?”

लाखेतून वीज जात नाही, हे ओगिवाराने पुन्हा दोनदा समजावलं. ती खरवडावीच लागणार होती. आणि आयुष्यात एकदाही स्वतःचं काम खरवडलेलं नाही, असं सांगून हात्सुएबाई खुर्चीत बसून राहिल्या. गेन्यू म्हणाला, मी खरवडतो. बाई म्हणाल्या, हात लावलात तर बोटं तोडीन. मी म्हणालो, मग असंच घोंगावू दे. बाई म्हणाल्या, या वयात भुंगा घेऊन बसू का?

सुमिएवहिनी दारातून म्हणाली, “त्यानेही असंच केलं असतं. वरून झाकलं असतं आणि म्हणाला असता, चालतंय.”

बाई ताडकन उठल्या. पातं घेतलं, घोडी उचलली आणि श्वास धरून खरवडायला लागल्या. काळ्या आरशासारख्या लाखेचा भुगा पडत होता. त्यांचं तोंड असं झालं होतं की जणू स्वतःचाच दात उपटतायत. खाली तांबं चमकलं. घोडी पुन्हा बसवली, तारा ताणल्या, बटण फिरवलं.

शांतता. फक्त बिअरच्या फ्रिजची घरघर, तीही फ्रिजमधूनच.

“जमलं!” गेन्यूने टाळी वाजवली. “चला, वाजवा!”

आणि मग आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

कोण वाजवणार? खरंच सांगतो, वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत आम्ही लाकडावर भांडलो, पिकअपवर भांडलो, खटक्यावर भांडलो, पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गेन्यू गाणार आणि गिटार वाजवणार. मी ड्रमवर. गावात दुसरा बेसवाला नाही.

बाईंनी हात पुसले. दारूची एक उलटी पेटी पायाने ओढून घेतली, तिच्यावर बसल्या, बेस मांडीवर घेतला आणि आमच्या कार्यक्रमातलं दुसरं गाणं वाजवलं. सावकाश, बोटं ताठ, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी आपोआप काठ्या उचलल्या.

“तुम्ही कधी शिकलात?” गेन्यू म्हणाला.

“तारा चढवून बघाव्या लागतात ना. बघता बघता.”

“पण मधे एका जागी चुकलात. तिथे सूर खाली जातो.”

“तिथे तो चुकायचा,” बाई म्हणाल्या. “दर गुरुवारी. मला काय माहीत बरोबर कसं असतं?”

सगळी गाणी त्यांना पाठ होती. इवाओच्या चुकांसकट, तो कुठे उशिरा यायचा, कुठे गडबडून दोनदा तीच तार मारायचा, सगळं. गेन्यूने त्या चुका काढायचा प्रयत्न केला, पण बाईंच्या हातून त्या निघेनात. मग आम्ही नाद सोडला.

ओबोनला देवळाच्या अंगणात कंदील लागले, जनरेटर धडधडायला लागला. बाई पेटीवर बसल्या, कारण ते केयाकीचं धूड घेऊन उभं राहणं शक्यच नव्हतं. सणाचा सुती युकाता घातला होता, केस वर बांधले होते. लोक आधी हसले. मग पुढे सरकून बसले. बारीक तारा या वेळी स्पष्ट ऐकू येत होत्या. बरेच जण मला नंतर म्हणाले की आपल्या गाण्यांत एवढं काही आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

सुमिएवहिनी पहिल्या रांगेत, सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा खात बसली होती. चारपाच गाणी झाल्यावर ती ओरडली, “बाई, आता येऊ दे त्याला!”

हात्सुएबाईंनी खटका फिरवला.

बारीक तारा विझल्या. जनरेटरची गुणगुण भोंग्यातून वर आली, आणि तिच्यात तो जाडा, मऊ, झोपाळू सूर. माझी काठी निसटली. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती गुणगुण कोठारातल्या फ्रिजची. ती इवाओचीच होती. गेन्यू गायचा थांबला आणि गायचं राहिलंय हे त्याच्या लक्षात आलं नाही. फक्त बाई वाजवत राहिल्या. इवाओ चुकायचा तिथे चुकल्या, तो उशिरा यायचा तिथे उशिरा आल्या. वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. गाणं संपलं तेव्हा तिने युकाताच्या बाहीने नाक पुसलं.

“पुरे,” ती म्हणाली. “बंद करा त्याला. पुरता वाजवा.”

देव्हारेवाल्यांच्या संघात कुरकुर झाली. देव्हाऱ्याच्या लाकडाचा नाचगाण्यासाठी वापर, वगैरे. अध्यक्ष स्वतः बाईंकडे गेले. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल होते, आणि पुढच्या गुरुवारी ते कोठाराबाहेर उभं राहून ऐकताना मला दिसले.

पानगळीच्या सुमारास नागोयाहून एक तरुण आला. त्याने बेसचा फोटो पाहिला होता. त्याला अगदी तसाच हवा होता, आत वर्ख, वर लाख. मी तेव्हा दुकानातच होतो. बाईंनी त्याला चहा दिला आणि अदबीने विचारलं, “कोण वारलं?”

“कुणी नाही.”

“मग एवढी घाई कसली?”

तो म्हणाला, घाई नाही, थांबेन. बाईंनी त्याला बजावलं की देव्हाऱ्यांची कामं आधी, मग हे. त्याने मान डोलावली. देव्हाऱ्यांचं काम तेव्हा एकही नव्हतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. तो गेल्यावर बाईंनी दार लावलं, अंगणात जाऊन केयाकीच्या उरलेल्या फळ्यांवरचा बर्फापासून वाचवायचा ताडपत्रीचा कागद बाजूला केला आणि मला म्हणाल्या, “तोफू, इकडे ये. हे दुसरं टोक उचल. आणि सुस्कारे सोडू नकोस, आत सोनं उघडं आहे.”